आलं तसं मोजायचं

बाबा, टेपचं टोक मी शिवलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. उसवलंही मीच, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आधीच लिहून टाकते, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. इकडचं तिकडचं सांगत बसले की मूळ गोष्ट राहून जाईल आणि कागद संपेल. कागद म्हणजे तरी काय, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. पलीकडच्या एकादश्या आणि चतुर्थ्या अंधुक दिसतात, त्यांच्यावरूनच अक्षरं चालली आहेत. सकाळची पूजा झाली, कुकर उतरवला, घरात मी एकटी. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या वयाची मी होऊन गेले. तरी तुम्हाला लिहिताना पदर सारखा करावासा वाटला.

आलापल्लीचं आपलं क्वार्टर आठवतं का तुम्हाला, जिथे असाल तिथे? दोन खोल्या, वर कवेलू, मागच्या पडवीत चूल. आई चुलीपुढे बसलेली आहे, दादा दारात सायकल उलटी करून चेन बसवतो आहे, आणि तुम्ही खाटेवर बसून दिवसभराची टेप ओल्या फडक्यानं पुसून चामडी डबीत गुंडाळता आहात. कापडी टेप, टोकाला पितळेची कडी. वनखात्यात तुम्ही मोजणीदार. आईला कोणी विचारलं तर ती सांगे, "आमचे हे जंगल मोजतेत." जंगल नाही, तोडलेला साग मोजायचा, पण तिला तसंच म्हणायला आवडे. सुटीच्या दिवशी तुम्ही मला कूपात न्यायचात. त्या वर्षी तोडीला दिलेला जंगलाचा तुकडा, तिथे साग कापून ओळीनं मांडलेला असायचा. तुम्ही एकेका नगाखालून, म्हणजे ओंडक्याखालून, कडी सारता, टेपचा वळसा वर आणता, अंगठा टेकवता आणि ओरडता, "शंभर नं चार!" मी दगडावर बसून रजिस्टरात घेर लिहिते. मग तुम्ही खुणेचा हातोडा मारता, नगाच्या तोंडावर सरकारी शिक्का उठतो, आणि तो नग तुमच्या जबाबदारीचा होतो. एक मजूर पोट पुढं करून माझ्यापुढे उभा राहिला होता, "बाई, याचाबी घेर लिवून घे. बायको म्हन्ते मी लई खातो." सगळे हसले, तुम्हीही हसलात. तुमचं हसणं मला त्या दिवसाचंच आठवतं, नंतरचं आठवत नाही.

एकदा मी हट्ट करून टेप हातात घेतली आणि घट्ट ओढली. तुम्ही रागावलात. मोठ्यानं नाही, पण मजुरांपुढे रागावलात म्हणून लागलं. "वढू नोको. लाकूड का पळून चाललं हाये? आन सैलबी नोको सोडू. जेवढं हाये तेवढंच म्हनाव त्याले." घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. आताही पोळीची कणीक मळताना, साडीला फॉल लावताना, ते वाक्य माझ्या हातात येतं.

मग ती खंडेनवमी. मी चौदा वर्षांची, नववीत. आयुधं पुजायची म्हणून पाटावर मांडत होते: तुमचा हातोडा, आईची विळी, दादाचा पाना, माझी कंपासपेटी. तुमची टेप घेतली तर तिचं टोक पार झिजलेलं. सालीवरून आणि चिकावरून ओढून ओढून धागे दाढीसारखे लोंबत होते, कडी दोन दोऱ्यांवर अडकलेली. सुरुवातीचे आकडे तर कधीच पुसले गेले होते, पहिला धड वाचता येणारा आकडा दहाचा. फाटकं-तुटकं देवापुढे मांडू नये, एवढंच माझ्या डोक्यात. आई शेजारी जात्यावर डाळ भरडायला गेली होती. मी तिच्या डब्यातला जाड दोरा काढला, झिजलेला भाग आत दुमडला, दुमडीत कडी बसवली आणि बारीक, पक्का टाका घातला. शाळेत शिवणाच्या बाईंनी शाबासकी दिली असती असा. तुम्ही आंघोळ करून आलात, कडी ओढून पाहिलीत. "कोनं शिवलं हे?" मी म्हटलं, "मी." तुम्ही म्हणालात, "यंत्रावानी शिवली बाई तू," आणि टेपला हळदकुंकू वाहिलंत. आयुष्य मापात घालवलेला माणूस, पण दुमडीत अडीच सेंटिमीटर गेले हे तुमच्या ध्यानात आलं नाही. आपल्या लेकरानं केलेल्या कामाकडे माणूस मोजायच्या नजरेनं बघत नाही, असं मी आता स्वतःला समजावते.

दसऱ्यानंतर तोड सुरू झाली. सगळा हिवाळा तुम्ही त्या टेपनं मोजलंत. प्रत्येक नगाचा घेर खऱ्यापेक्षा अडीच सेंटिमीटरनं जास्त लागत गेला. घनफळ काढताना घेर दोनदा गुणला जातो, त्यामुळे तेवढाच फरक फुगतो. रोज संध्याकाळी तक्ता बघून रजिस्टरात ते आकडे मीच भरत होते, माझ्याच हातानं. माल ट्रकनं खाली बल्लारशाच्या बाजूला मोठ्या डेपोत गेला. तिथे पुन्हा मोजणी झाली आणि लाकूड कमी भरलं. नग मोजले तर नग पूर्ण. मग साहेबलोकांनी अर्थ काढला, की मोजणीदारानं जाड नग वाटेत विकले आणि त्यांच्या जागी बारीक नग घातले. शिक्क्याचा हातोडा त्याच्याच हाती, त्याला काय अवघड?

तुम्ही हे ऐकून घरी आलात तो दिवस मला दिसतो. तुम्ही जेवत नाही. म्हणता, "माझं माप बरोबर हाये. मी आज कूपातला उरलेला माल पुन्हा मोजून पाह्यला, रजिस्टरात हाये तेवढाच भरला." आई म्हणते, "मंग भेव कायचं? जेवा ना." तुम्ही त्याच टेपनं पुन्हा मोजलंत, बाबा. ती टेप स्वतःविरुद्ध साक्ष कशी देणार होती?

मला कळलं ते चार दिवसांनी. भूमितीची आकृती काढत होते, पट्टी हातात होती, समोर खुंटीवर टेप लोंबत होती. सहज कडीपासून पट्टी लावली. टेपवरचा दहाचा आकडा माझ्या पट्टीवर साडेसातावर येत होता. मी तीनदा लावून पाहिली. तेव्हा मी धावत तुमच्याकडे यायला हवं होतं. टेप जशी होती तशी तुमच्या हातात ठेवून म्हणायला हवं होतं, बाबा, हे पाहा. मी तसं केलं नाही. चौदा वर्षांच्या डोक्यानं विचार केला, की चूक दुमडीची आहे, दुमड काढली की चूक गेली. ब्लेडनं एकेक टाका कापला, दोरे चुलीत टाकले, टोक पुन्हा लोंबतं केलं, कडी दोन धाग्यांवर होती तशी अडकवली. देवाला हात जोडले, आता बाबांचं माप बरोबर झालं, आता सगळं नीट कर. मला खरंच वाटलं की मी तुम्हाला वाचवलं.

दुसऱ्याच दिवशी चौकशीचे साहेब आले. अंगणात टेबल मांडलं. ते अडाणी नव्हते, त्यांनी पहिलं काम तेच केलं: तुमची टेप मागितली आणि आपली पोलादी टेप तिच्या शेजारी पसरली. तुम्ही खुंटीवरून टेप आणलीत, डबीतून टोक बाहेर काढलंत आणि थांबलात. टोकाशी सुईची भोकं होती, एका रांगेत, बारीक. तुम्ही त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग दाराकडे पाहिलंत. मी दारात उभी होते. एवढंच. मग तुम्ही टेप साहेबांच्या हातात दिलीत. दोन्ही टेपांचे आकडे शेजारी शेजारी जुळले, शेवटपर्यंत. साहेब म्हणाले, "टेप तर बरोबर आहे तुमची. आता काय म्हणणं आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "काई नाई, साहेब."

त्या "काई नाई"चा अर्थ मी इतकी वर्षं लावते आहे. तुम्हाला सगळं कळलं होतं का? सांगितलं असतंत तर त्यांनी मला टेबलासमोर उभं केलं असतं, पोरीला शिकवून पुरावा बनवला म्हणाले असते. म्हणून गप्प राहिलात? की त्या क्षणी तुमचं डोकंच चाललं नाही? तुम्ही नंतर मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि मी तुम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. एकाच ताटाजवळ बसून आपण दोघं वर्षानुवर्षं ते न बोलता जेवलो.

तुमची नोकरी राहिली, माप गेलं. तुम्हाला रोपवाटिकेत बसवलं. बायामजुरांबरोबर पिशव्यांमध्ये माती भरायचं काम. नळावर आई गेली की बाया भांडी सरकवून जागा करत, आणि ती जागा वाजवीपेक्षा जास्तच करत. दादाला डेपोतली पोरं "सागवानवाला" म्हणत. एकदा तो भांडून आला, ओठ फुटलेला, आणि तुम्हाला म्हणाला, "खरं सांगा, इकलं का तुमी?" तुम्ही पिशवीच्या मातीनं भरलेले हात धूत होता. धूतच राहिलात. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून घुग्घुसला गेला, कोळशाच्या खाणीत लागला आणि परत आला नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला बेलाचं रोप आणलंत, रोपवाटिकेतलं. त्याच्याबरोबर पावती. म्हणालात, "रोप मेलं तरी चालते, पावती जपून ठेव." माझ्या लग्नात मांडवाला बांबू लावताना कोणीतरी विचारलं, टेप आणू का? तुम्ही "नोको" म्हणालात आणि हात पसरून वावेनं मोजलंत. तुम्ही गेलात तेव्हा घुग्घुसला तार केली होती. आम्ही दुपार टळेपर्यंत वाट पाहिली. मग चुलत्यानं अग्नी दिला.

आता तुमच्या नातीचं सांगते. तुम्ही तिला पाहिलं नाही. दिल्लीला एक मोठी प्रयोगशाळा आहे, देशाची मापं जिथे सांभाळतात, तिथे ती नोकरीला आहे. नोकरी लागली तेव्हा मी विचारलं, "म्हणजे वजनमापाच्या इन्स्पेक्टरसारखं?" ती हसली, "त्यांच्याही टेपा जिथून बरोबर होऊन येतात ना, त्याच्याही वरचं." यंदा घरच्यांना आत नेऊन दाखवायचा दिवस होता, तेव्हा मी गेले. चपला काढून दुसऱ्या घालायच्या, डोक्याला टोपी, खोली थंडगार. मधोमध हे भलंमोठं टेबल, आणि त्यावर दोन पेट्या. दोन्हींतून लाल उजेडाची बारीक रेघ निघत होती, कुंकवाच्या बोटासारखी. माझे हात आपोआप जोडले गेले. पोरगी कानात म्हणाली, "आई, लेसर आहे तो, देव नाही." मी म्हटलं, "असू दे, तुझं काय जाते?"

तिनं मला समजावून सांगितलं ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. मीटर आता कुठल्या पट्टीवर कोरलेला नाही, तो उजेडावरून काढतात. या लाल उजेडाच्या लाटा किती, ते मोजलं की लांबी कळते. पण उजेडही जागचा हलतो, म्हणून पेटीत काचेच्या नळीत आयोडीन भरलेलं असतं, आपण जखमेला लावत होतो तेच, फक्त वाफ झालेलं. त्या वाफेशी उजेडाला बांधून ठेवायचं, म्हणजे तो ढळत नाही. "पण तो खरंच ढळला नाही हे कसं कळणार?" मी विचारलं. "याच्या वरचं माप कोणतं?" ती म्हणाली, "वरचं नाहीच, आई. म्हणून दोन शेजारी ठेवायचे." दुसरी पेटी बंगळूरहून आली होती, तिच्याबरोबर एक वयस्क सर आले होते. दोन्ही उजेड एकावर एक आणून पाडतात आणि दोघांमधला फरक एक यंत्र मोजतं. भजनात पेटीचे दोन सूर जवळजवळ जुळले, पण पुरते जुळले नाहीत, की आवाज कसा थरथरतो, वाँव वाँव करतो. ती थरथर मोजायची. जितका फरक, तितकी थरथर. पडद्यावर आकडे नाचत होते. ते सर माझ्याशी हिंदीत थट्टा करत म्हणाले, "माताजी, आप ही बताइए, दोनों में झूठा कौन है?" मी म्हटलं, "दोनोंही सरकारी दिखते, मैं कैसे बोलूं?" ते खूप हसले.

हसता हसता ते आपल्या पेटीकडे वळले आणि स्क्रूला हात घातला. प्रवासात आरसा जरा हलला असावा, मोजायच्या आधी सारखा करून घेतो, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात माझी पोरगी, त्यांच्या निम्म्या वयाची, पटकन म्हणाली, "नहीं सर, हाथ मत लगाइए. पहले जैसा आया वैसा नापेंगे." सरांनी हात काढला, कान पकडल्यासारखं केलं. मी विचारलं, काऊन गं, बिघडलं असेल तर दुरुस्त करू दे ना त्यांना. ती आकड्यांवरची नजर न काढता म्हणाली, "आई, आलं तसं मोजायचं आधी. दुरुस्ती नंतर. आधीच दुरुस्त केलं तर याच्यावर आत्तापर्यंत जे जे मोजलं, ते किती चुकलं हे कोणालाच कधी कळणार नाही." मी विचारलं, "आणि फरक निघाला तर? शिक्षा होते का कोणाला?" ती हसली. "शिक्षा कसली? लिहून ठेवतो. एवढा जास्त दाखवतो म्हणून. मग तेवढं वजा करायचं, काम चालू."

बाबा, मी बसायला जागा शोधू लागले. कोणीतरी स्टूल दिलं. पोरगी घाबरली, पाणी आणलं, थंडीनं झालं म्हणाली. अडीच सेंटिमीटर जास्त दाखवते. तेवढं वजा करायचं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप घेऊन कूपात गेला असता.

तिच्या स्वयंपाकघरात, मेथी निवडता निवडता, मी तिला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच तिनं देठं आणि पानं एकाच ताटात टाकली. मग म्हणाली, "तू चौदा वर्षांची होतीस, आई." ते मला माहीत होतं, त्यानं काही होत नाही. पुढं ती शांतपणे बोलली, कामातलं बोलते तशी. "दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या असत्या ना, आजोबांची आणि डेपोची, तर पाच मिनिटांत कळलं असतं. प्रत्येक नगात सारखाच फरक. चोर असा प्रत्येक लाकडातून सारखा सारखा चोरत नाही. त्यांनी फक्त खालची बेरीज पाहिली." मी मेथीत हात घालून बसले. ते रजिस्टर मी लिहिलेलं होतं, बाबा. माझ्याच अक्षरात तुमचा खरेपणा पडून होता आणि मला तो वाचता आला नाही. पोरीनं विचारलं, "मामाला सांगितलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "तो अजून मानतो ना, की आजोबांनी विकलं?"

म्हणून परत आल्यावर मी घुग्घुसला गेले. दादा आता रिटायर आहे. ट्रकांच्या धुळीनं त्याची तुळस काळी पडते, तो रोज ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतो. ते पुसणं बघून मला क्षणभर दारातच थांबावं लागलं. वहिनीनं चहा आणला. त्याच्या घरात अजून सागाची एकही वस्तू नाही. खाट लोखंडी, दरवाजे पत्र्याचे. मी म्हटलं, "दादा, बाबांनी लाकूड विकलं नव्हतं." तो म्हणाला, "तू हेच सांगाले आली का एवढ्या उन्हात? सोड ना आता." मी म्हटलं, "टेप लहान झाली होती. टोक दुमडून शिवलं होतं. आणि चौकशीच्या आदल्या दिवशी ते उसवलं." मग मी त्याला पोरीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, सारखा फरक, दोन याद्या, आलं तसं मोजायचं. खाणीत मोजमाप असतंच, त्याला पटकन समजलं. त्याचा चहा तसाच राहिला. फडकं हातात होतं, ते तो पिळत बसला.

"बाबानं सांगतलं काऊन नाई मंग?" मी म्हटलं, "घरातल्या माणसाला वाचवायला." त्यानं मान वर केली. "कोनं शिवलं होतं?"

बाबा, तो सत्तरीला आला आहे. समोर बसला होता, डोळे तुमचे. आधी तो म्हणाला होता, "मले तेव्हा सांगतलं असतं कोनी, तर मी अग्नी द्याले आलो असतो ना वं. चुलत्यानं दिला. माझ्या बापाले चुलत्यानं दिला." आणि त्यानंतर त्यानं विचारलं, कोणी शिवलं. वहिनी दारात उभी. मी म्हटलं, "आईनं."

शिवलं आईनं, उसवलंही आईनं, भीतीपोटी. एवढं धडधडीत खोटं मी सांगितलं, माझा आवाजसुद्धा हलला नाही. दादानं फडकं मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मायच ती. फाटकं पाहवत नवतं तिले," आणि रडला. रागावला नाही तिच्यावर. आपण मेलेल्यांवर किती लवकर रागावतो किंवा रागावत नाही, ते त्यांच्या हातात नसतं. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. निघताना त्यानं माझ्याकडे तुमचा फोटो मागितला. त्याच्याकडे एकही नव्हता.

उद्या तुमची तिथी. दादा पहिल्यांदा तुमच्या नावाचं पान वाढतो आहे, पित्तर घालतो आहे, मला स्वयंपाकाला बोलावलं आहे. फोनवर विचारत होता, बाबाले अंबाडीची भाजी आवडत होती ना? मी हो म्हटलं. मग म्हणाला, "मायच्या नावाचंबी एक पान त्याच दिवशी वाढतो. तिच्यासाठी हात जोडाचे हायेत मले, म्हनाचं हाये, माय, तुले माफ केलं." फोन ठेवून मी देवघरात जाऊन बसले. आई जिवंत होती तोवर त्या नळावर शेवटपर्यंत पाणी भरत होती आणि तिला कारणही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं की तुमच्यावर कोणीतरी करणी केली. आणि आता उद्या तिला माफी मिळणार आहे, माझ्या वाट्याची.

उद्या सकाळी पुऱ्या तळताना मी दादाला खरं सांगीन असं या पानाच्या वरच्या बाजूला लिहिणार होते. लिहिलं नाही, कारण तुमच्यापुढे तरी खोटं लिहू नये. नाही सांगणार. तो इतक्या वर्षांनी तुमच्याकडे वळला आहे, आणि माझ्याकडे त्या नजरेनं त्यानं बघावं हे मला सोसणार नाही. हे पान कुठे टाकायचं, कुठल्या पत्त्यावर, काही ठाऊक नाही. चतुर्थ्या वर करून पुन्हा गठ्ठ्यात ठेवते.

एवढं करा, बाबा. आई तिथे तुमच्याजवळ असेल. तिला तुम्हीच सांगा. माझ्यानं होत नाही.